चार भिंतींतलं वावर

आमच्या सासूबाई शेतावर निघाल्या की आधी डोक्यावर हेल्मेट चढवतात. नऊवारी लुगडं, त्यावर चमकत्या पट्ट्यांचं नारिंगी जाकीट, पायांत पुढून लोखंड घातलेले बूट आणि हातात खुरपं. लग्न होऊन आल्यावर मी हे ध्यान पहिल्यांदा पाहिलं आणि हसू आवरेना म्हणून उंबऱ्यातच बसकण मारली. सासूला हसायचं नसतं एवढी अक्कल मला माहेरी, निगडीत, कुणी दिली नव्हती. त्यांनी हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली आवळला आणि म्हणाल्या, "हसून घे हितंच. गेटाच्या आत हसाया बंदी हाय."

त्यांचं नाव सोजरबाई. आमच्याकडे सासूला आत्याबाई म्हणतात, म्हणून मीही तसंच म्हणते. चाकणच्या एमआयडीसीत, महाळुंग्याच्या अंगाला आमची वाडी आहे. वाडी म्हणजे आता फक्त नाव उरलंय. जिकडे बघावं तिकडे कामगारांना भाड्याने दिलेल्या खोल्या, टेम्पो आणि चहाच्या टपऱ्या. सासरे, म्हणजे मालोजीराव, आणि त्यांचे भाऊ यांची जमीन एके काळी इथून पार ओढ्यापर्यंत होती म्हणे. ती टप्प्याटप्प्याने कंपन्यांना गेली. सासरे गेल्यानंतर आत्याबाईंच्या वाट्याचा एक तुकडा तेवढा राहिला, आणि तो असा राहिला की देवानं शिक्षा म्हणून ठेवावा.

एका बाजूला गाड्यांचे पत्रे ठोकणारी कंपनी. दुसऱ्या बाजूला गोदाम. तिसऱ्या बाजूला त्याच गोदामवाल्याची मोकळी जागा, तिलाही भिंत. चौथ्या बाजूला रंगाची कंपनी. भिंती पुरुषभर नव्हेत, दोन पुरुष उंच, वर काटेरी तार. वावरात उभं राहिलं की वरती आभाळाचा चौकोनी तुकडा दिसतो आणि बाकी चारी दिशांना पांढरा रंग. पूर्वीची बैलगाडीची वाट रंगाच्या कंपनीच्या आत सापडली. वहिवाट अडवता येत नाही म्हणून कंपनीनं आमच्यासाठी मागचं एक लहान गेट ठेवलंय. ते सकाळी दहाला उघडतं, चारला बंद होतं. वाटेत थिनरच्या पिंपांचं गोदाम लागतं, म्हणून मोबाइल गेटवर जमा करायचा, काडेपेटी नाही, आणि अंगावर ते हेल्मेट-जाकीट. स्वतःच्या वावरात जायला माणसानं पाहुण्याचा पास गळ्यात घालायचा, हे मी फक्त आमच्याकडे पाहिलं.

मला त्या वावराचं काडीचं प्रेम नव्हतं. माझे बाबा धाराशिवहून आलेले, कंपनीत हेल्पर म्हणून लागले आणि हेल्पर म्हणूनच सुटले. मी स्वतः गाड्यांच्या वायरिंगच्या लाइनवर काम करते. वायरींची टोकं प्लगात बसवायची, खटका लागला की पुढचं. काही महिने झाले की ब्रेक देतात, घरी बसवतात, मग दुसरी कंपनी. मी आणि नवनाथ, म्हणजे माझा नवरा, ताथवड्यात एक सॅम्पल फ्लॅट बघून आलो होतो. तिथल्या ओट्याची लांबी मी ओढणीने मोजून घेतली होती. आत्याबाईंनी जमीन दिली की तो ओटा माझा. रंगाची कंपनी ती घ्यायला केव्हाची तयार होती. अडून बसल्या होत्या एकट्या सोजरबाई.

त्यांना सगळ्यांनी समजावून पाहिलं. सुंभ जळेल पण पीळ जायचा नाही, अशी ती बाई. शेवटी चुलतसासरे ज्ञानदेवमामांनी डोकं चालवलं. चार माणसांसमोर त्यांनी विचारलं, "वयनी, कसताय तवर ठीक. पन ज्या वर्साला वावर पडीक ऱ्हाईल, त्या वर्साला सही करनार का?" आत्याबाई चिडल्या होत्या. तोंडातून गेलं, "व्हय, करंन! दिवाळीपत्तुर नांगार लागला न्हाई, तर त्या वर्साला करंन सही!" आमच्याकडे कागदापेक्षा असा शब्द जड. त्या बोलल्या आणि अडकल्या.

मामा काही मूर्ख नव्हते, त्यांना कंपनीतली खबर होती. रंगाच्या कंपनीत मधे कुठेतरी पिंपाला लहानशी आग लागली होती, आणि नवीन सेफ्टीचे साहेब आले होते. त्यांनी नियम काढला की थिनरच्या गोदामापुढून इंजिनाची कुठलीही गाडी जाणार नाही, चालू असो की बंद, टाकीत तेलाचा वास जरी आला तरी नाही. बैल तर आधीच बंद झाले होते, कारण शेण. ट्रॅक्टर त्या वाटेत मावतच नाही. आत्याबाईंकडे होता तो मागे चालत ढकलायचा छोटा डिझेलचा टिलर, आणि त्याच्यावर त्या भुईमूग, हरभरा, घरापुरता कांदा काढायच्या. तो टिलर आता गेटावर अडला. कुदळीनं तेवढं वावर खणणं या वयात शक्य नव्हतं. दसरा झाला तरी वावर तसंच होतं. मी मनातल्या मनात ओट्यावर मिक्सर कुठे ठेवायचा ते ठरवत होते.

घात केला आमच्याच माणसानं. नवनाथ रंगाच्या कंपनीत ठेकेदाराकडून फोर्कलिफ्ट दुरुस्तीचं काम करतो. एका रात्री जेवताना आत्याबाई त्याच्यामागे लागल्या, साहेबांना सांग, साहेबांना सांग. तो वैतागून म्हणाला, "आई, साहेबाच्या बापाचंही तिथं चालत नाही. त्या वाटेनं फक्त बॅटरीच्या गाड्या जातात."

आत्याबाईंचा घास हातातच राहिला. "बॅटरीच्या जात्यात?"

"फोर्कलिफ्ट जातात ना."

"मंग आपला टिलर बॅटरीवर कर."

नवनाथ माझ्याकडे बघायला लागला आणि मी ताटाकडे. आपण काय बोलून बसलो ते त्याला कळलं होतं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. जमत नाही म्हणावं तर आई म्हणणार, फोर्कलिफ्ट दुरुस्त करतोस आणि एवढं जमत नाही? आणि करावं तर ताथवडं गेलं. त्यानं दोन दिवस टाळलं. तिसऱ्या दिवशी बघते तर पठ्ठ्या अंगणात टिलर उलटा करून बसलेला.

खरं सांगायचं तर मला त्याचा राग आला होता, पण त्याचे हात बघत बसावं असं काम त्यानं केलं. डिझेलचं इंजिन उतरवलं. कुदळवाडीच्या एका भंगारवाल्याकडून ई-रिक्षाची मोटर आणि तिचा कंट्रोलर आणला. इंजिनाच्या जागी जाड पत्रा कापून मोटर बसवली. आधी गिअरबॉक्सपर्यंत बेल्ट होते, ते घसरतात म्हणून चेन टाकली. पुढच्या बाजूला लोखंडी डबा करून त्यात बॅटरी. उजव्या हाताला स्कूटरसारखी पिळायची मूठ. क्लचचा दांडा त्यानं काढून टाकला, कारण मूठ सोडली की मोटर थांबते, मग क्लच कशाला हवा? वायरींची जोडणी मी करून दिली. नाही म्हणायचं ठरवलं होतं, पण त्याचे प्लग इतके गचाळ होते की मला बघवेना.

आत्याबाई शेजारी पाट टाकून बसायच्या आणि लसूण सोलत देखरेख करायच्या. पहिल्यांदा चालू केला तेव्हा त्यांनी विचारलं, "कवा चालू करतुयास?"

"चालूच आहे, आई."

त्यांनी कान लावला, मग इंजिनावर ठेवायचा तसा मोटरीवर तळहात ठेवला. काहीच थरथरेना. त्यांना वाटलं लेक चेष्टा करतोय. त्यांनी मूठ धरून पिळली, आणि टिलर मुकाट्यानं निघाला तो पाण्याच्या पिंपाला जाऊन भिडला. पिंप आडवं, अंगणभर पाणी, आत्याबाईंच्या पदराला चिखल. "ह्ये तर मुकं जनावर हाय," त्या म्हणाल्या, आणि त्यांना ते आवडलं की नाही हे मला कळलं नाही.

गेटावर सेफ्टीच्या साहेबांनी टिलरभोवती दोन चकरा मारल्या, वास घेतला आणि सोडला. दिवाळीची सुट्टी लागायला एक दिवस उरला होता. दुसऱ्या दिवसापासून गेटाला कुलूप पडणार होतं, ते थेट भाऊबीज झाल्यावर निघणार होतं. म्हणजे नांगरायचं ते त्याच दिवशी. नवनाथला सुट्टीच्या आधीच्या कामातून मान वर काढता येत नव्हती. मी ब्रेकवर होते, म्हणून दुपारी भाकरी घेऊन जायचं काम माझ्याकडे आलं.

ऑक्टोबरचं ऊन. गेटावर गणराज नावाचा गार्ड असतो, परभणीकडचा, भला माणूस. त्याच्याकडे मोबाइल दिला, हेल्मेट चढवलं, जाकीट घातलं. पिंपांचं गोदाम मागे टाकून, भिंतीच्या कोपऱ्यावरून वळून मी वावराच्या तोंडाशी आले. अर्ध्याहून बरंच जास्त वावर नांगरून झालं होतं. ओल अजून धरून असलेली काळी ढेकळं वर आली होती आणि नांगराची तासं दोरी लावल्यासारखी सरळ होती. आत्याबाई पार पलीकडे, पत्र्याच्या कंपनीच्या भिंतीला पाठ टेकून उभ्या होत्या. समोर टिलर. मला वाटलं, दमल्या, टेकल्या असतील.

"आत्याबाई, या सावलीला!" मी हाक मारली. त्या हलल्या नाहीत. पलीकडे भिंतीमागे प्रेस पत्रे ठोकत होता, धाड, धाड, धाड. ऐकू गेलं नसेल म्हणून मी ढेकळं तुडवत निघाले, मनात म्हणत की उन्हातान्हाचं इथवर जेवण आणायचं आणि बाईसाहेबांना मान वळवायचेही कष्ट. निम्म्यात गेल्यावर मला त्यांचा चेहरा दिसला.

तोंड उघडं होतं. ओठ हलत होते, आवाज नव्हता. टिलरच्या दोन्ही मुठींना जोडणारा आडवा दांडा त्यांच्या छातीत रुतला होता. मुठींची टोकं मागे भिंतीला टेकली होती, आणि उजव्या मुठीवरचा त्यांचा तळहात भिंत आणि मूठ यांच्यात चेंगरला होता. मूठ पिळलेलीच राहिली होती. ती सुटायची तर हात निघायला हवा, आणि हात निघायचा तर टिलर मागे ढकलायचा थांबायला हवा. टिलर थांबत नव्हता. त्याची चाकं जागच्या जागी माती उकरत, अगदी शांतपणे, त्यांना भिंतीत दाबत होती.

कसं झालं ते नंतर कळलं. आत्याबाईंना भिंतीलगतची हातभर माती सोडवेना. बांध राहिला नव्हता, वळायला जागा नव्हती, म्हणून त्यांनी रिव्हर्स टाकून टिलर भिंतीपर्यंत मागे घेतला. डिझेलचं इंजिन असं अडलं की गुदमरतं, काळा धूर ओकतं आणि बंद पडतं. त्यांना तीच सवय. मोटर अडली की उलट जास्त जोर लावते. नवनाथला हे माहीत नव्हतं असं नाही, पण त्याचं सगळं आयुष्य फोर्कलिफ्टवर गेलेलं. फोर्कलिफ्टचा ड्रायव्हर वर बसलेला असतो, तो तिच्यात आणि भिंतीत सापडत नाही. रिव्हर्सला माती फोडणारी पाती फिरत नाहीत, एवढं शहाणपण जुन्या गिअरबॉक्समध्ये होतं म्हणून बाईचे पाय राहिले.

मी ओरडले की नाही ते मला आठवत नाही. हात आपोआप बॅटरीच्या डब्याकडे गेले. लाल प्लग, बाजूचा खटका दाबायचा आणि ओढायचा. लाइनवर दिवसभर जे जोडते ते मी एका झटक्यात तोडलं. चाकं थांबली. टिलर हिसडून पुढे ओढला तशा आत्याबाई भिंतीवरून घसरत खाली आल्या आणि मातीत बसल्या. मी त्यांचं हेल्मेट काढलं, पाणी पाजलं. त्यांनी घोट घेतला, खोकल्या, वेदनेनं डोळे मिटले. मी थुंकीत रक्त आहे का पाहिलं. नव्हतं.

"किती वेळ झाला?" मी विचारलं.

"लई येळ," त्या कुजबुजल्या. श्वास पुरत नव्हता. "पैल्यांदा हाका मारल्या. कुनाला ऐकू न्हाई गेल्या."

"मी गणराजला बोलावते. स्ट्रेचर आणतील."

त्यांनी डाव्या हातानं माझी साडी धरली. "त्यो आला तर सायेबाला सांगंल."

"सांगू दे!"

"मंग पास बंद. आजच."

"आत्याबाई, तुमच्या बरगड्या मोडल्यात. मरायचंय का या वावरात?"

"मराया लागली की सांगंन." एवढं बोलायला त्यांना तीन वेळा थांबावं लागलं. मग त्यांनी नांगरायच्या राहिलेल्या पट्ट्याकडे पाहिलं. फार नव्हता, भिंतीच्या कडेचा एक पट्टा. पण चार माणसांसमोर दिलेल्या शब्दाला अर्धंमुर्धं चालत नाही, हे त्यांना माहीत होतं आणि मलाही.

मी साडी सोडवून घेतली आणि गेटाकडे निघाले. मागून त्यांचा आवाज आला. प्रेस क्षणभर थांबला होता म्हणून ऐकू आला. "वर्षा."

मी वळले.

"तुला फलॅट पायजे, म्हाईत हाय मला. त्यात वंगाळ काय न्हाई." त्या थांबल्या. "तुझ्या सासऱ्यानं येवढी जमीन इकली, सगळ्या कागदांवर माझा आंगठा हाय. भाकऱ्या थापत व्हते. पिठाचा हात पुसला, शाई लावली, पुन्ना पिठात घातला. कुनी इचारलं न्हाई मला. येकदाबी न्हाई." मग म्हणाल्या, "म्या तुला इचारते. बोलवायचं का त्याला? बोलाव म्हनलीस तर बोलाव. म्या कुनाला काय सांगायची न्हाई. देवाशपथ."

मला इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी आज्ञा केली असती तर मी मोडली असती. हातापाया पडल्या असत्या तरी मी गेले असते. त्यांनी विचारलं. मला आजवर कोणी काही विचारलं नव्हतं. लग्न बाबांनी ठरवलं, शिफ्ट सुपरवायझरनं, ब्रेक ठेकेदारानं, फ्लॅटचा मजलासुद्धा नवनाथनं. आणि जिला मी दोन वर्षं मनातल्या मनात मरायला सांगत होते, ती बाई मोडक्या छातीनं भिंतीला टेकून माझं मत विचारत होती. गेटाकडे गेले असते तर कुणी मला बोल लावला नसता. तेच तर वाईट होतं. मी एकदम मोकळी होते आणि मला पळता येत नव्हतं.

"रक्त आलं थुंकीत तर मी एक शब्द ऐकणार नाही," मी म्हणाले.

"बरं."

"आणि गप्प बसायचं."

"ते न्हाई जमायचं. तुला टिलर येतुय कुटं?"

मी प्लग जोडला. आयुष्यात कधी नांगर धरला नव्हता. मूठ पिळली आणि टिलरनं मला ओढत नेलं. पहिलं तास गेलं ते बैल मुतत चालल्यासारखं, नागमोडी. मागून कुजबूज आली, "दांड्यावर वजन टाकू नगं. हलकं धर." यंत्राला आवाज नव्हता, म्हणून त्या पुटपुटल्या तरी मला पोचत होतं. डिझेलच्या भडभडाटात हे जमलंच नसतं. "भित्तीकडं पाठ करू नगं. सोड ती हातभर. सोड, म्हनते!" ती हातभर माती सोडताना त्यांना बरगड्यांपेक्षा जास्त दुखलं असेल. प्रेस ठोकत होता, मी नांगरत होते, घाम डोळ्यांत जात होता, आणि दर तासाच्या टोकाला मी वळून बघत होते की बाई अजून बसलेली आहे की आडवी झाली. बसलेली होती.

पट्टा संपला. मी टिलर तिथंच सोडला, प्लग काढून ठेवला. त्यांना उभं केलं तेव्हा त्यांच्या तोंडून पहिल्यांदा "आई गं" निघालं. मी त्यांना हेल्मेट घातलं, जाकीट सरळ केलं. उजवा हात सुजून टम्म झाला होता, तो त्यांनी पदराखाली घेतला. पिंपांच्या गोदामापासून गेटापर्यंत त्या माझा हात न धरता चालल्या.

"झालं का आत्या वावर?" गणराजनं विचारलं.

"झालं रं बाबा. दिवाळीचा फराळ धाडून देते." डाव्या हातानं त्यांनी हेल्मेट काढून त्याच्यापुढे धरलं. हसल्यासुद्धा. गेटाबाहेर पडलो, भिंतीचा कोपरा ओलांडला, आणि एका उभ्या टेम्पोच्या सावलीत त्या जमिनीवर बसल्या त्या मग उठल्या नाहीत. मी रिक्षा बोलावली.

चाकणच्या दवाखान्यात तीन बरगड्या आणि मनगट मोडलेलं निघालं. आत्याबाईंनी डॉक्टरांना सांगितलं, बांधावरून पडले. त्या वावराला बांधच उरला नाही, हे तिथं कुणाला माहीत असणार? नवनाथ आला, आईच्या छातीवरचा आडवा काळानिळा पट्टा त्यानं पाहिला आणि बाहेर जाऊन व्हरांड्यात भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. नंतर त्यानं क्लचचा दांडा परत बसवला. एक लाल बटणही लावलं, त्यावर हात पडला की सगळं बंद.

दिवाळीत ज्ञानदेवमामा आले. करंजी खाल्ली, इकडचं तिकडचं बोलले, मग विचारलं, "मंग वयनी, वावराचं काय झालं?"

"नांगारलं," आत्याबाई गादीवरून म्हणाल्या.

भाऊबीज होऊन गेट उघडल्यावर मामा नवनाथला घेऊन बघायला गेले. परत आले आणि मामा चहाही न घेता गेले. नवनाथ माझ्याशेजारी येऊन बसला. "भिंतीकडची तासं तुझी," तो म्हणाला.

"हो."

"का?"

मी म्हणाले, "चहा घेणार का?" ताथवड्याच्या बिल्डरच्या माणसाचा फोन येत होता, तो त्यानं उचलला नाही. एकदाच म्हणाला, "सातव्या मजल्यावरून डोंगर दिसत होता गं." मी रात्री तोंडावर पांघरूण घेऊन रडले. ओट्यासाठीच रडले, खोटं कशाला बोलू.

ओल उडून जायच्या आत हरभरा पडायला हवा होता. आत्याबाईंना हात उचलता येत नव्हता. त्यांनी फक्त बियाण्याची पिशवी कोनाड्यातून काढून घ्यायला सांगितली आणि ती माझ्या हातातून परत घेतली नाही.

मी गेले. गणराजनं माझ्या नावाचा पास करून ठेवला होता, रोजचा. गेट मागं लावून घेतलं. वावरात उभी राहिले तर आत्याबाईंची सरळ तासं, मग माझी वाकडी, मग भिंत. सगळीकडे भिंत. ओटीत बी घेतलं, पण हात पुढे जाईना. जिथं त्या अडकल्या होत्या तिथं जाऊन मी भिंतीला पाठ लावली आणि पोटातून, होता नव्हता तेवढा जोर लावून हाक मारली. पलीकडे प्रेस ठोकत राहिला. कुणी आलं नाही. मी अजून एकदा मारली, आणि मग पेरायला लागले.